मदत हवी आहे : ऊडनाडाटा ट्रॅक, जुलै, तंबू (तातडीचं)

मुठाकाठ
मंडळी, मेलबर्नहून जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ऊडनाडाटा ट्रॅकचा (साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला कच्चा रस्ता) घाट घातलाय. मरी, विल्यम क्रीक, तिथून ओपलच्या खाणींचं गाव कूबर पीडी. मुक्काम तंबूत. प्रश्न दोनच : टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि वाटेत पेट्रोल कुठे मिळतं? 'गुगल करा' एवढंच सांगायला कृपया येऊ नका. जरा लवकर, उद्या गाडीचे पैसे भरायचेत.

निलगिरीखाली
पेट्रोल मरीला, मग थेट विल्यम क्रीकला. मध्ये दोनशे किमी काही नाही. विल्यम क्रीक ते कूबर पीडी 166 किमी, तोही कच्चाच. हवेचं म्हणाल तर गाडी कुठली, टायर कुठले, माणसं किती, हे कळल्याशिवाय काय सांगणार? आणि 'गाडीचे पैसे' म्हणजे?

लडाखवीर
एवढं काय त्यात! आम्ही बुलेटवर खारदुंगला केला. पंक्चरचं किट आणि एक जादा ट्यूब, बस्स. रस्ता तो रस्ता.

निलगिरीखाली
@लडाखवीर, खारदुंगलाच्या वाटेवर लष्कर आहे, मॅगीच्या टपऱ्या आहेत. इथे विल्यम क्रीकच्या भोवती ॲना क्रीक नावाचं गुरांचं स्टेशन पसरलंय. स्टेशन म्हणजे एकाच मालकीचं रान, 15,000 चौरस किमीच्या वर. जवळजवळ आख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं. मोबाइलला रेंज नाही. गाडी बसली की पुढची येईस्तोवर तुम्हीही बसा.

मुठाकाठ
एसयूव्ही आहे, ऑल व्हील ड्राइव्ह. टायर गाडीबरोबर आले तेच. आता सांगा हवा!

खाणीतला_बाप्या
रॉक्सबी डाउन्सला राहून ऑलिंपिक डॅमच्या खाणीत (तांबं आणि युरेनियम) पाळ्या केल्यात, सुट्टीला याच ट्रॅकवर भटकायचो. कच्च्यावर साधारण 28 पीएसआय, वेग 80 च्या आत, डांबरीवर आल्याबरोबर पुन्हा भरायची. म्हणजे कॉम्प्रेसर जवळ हवा. पण खरी गोम हवेत नाही. तिथे गिबर म्हणतात ते दगड असतात, गुळगुळीत दिसतात पण फुटलेल्या कडा पात्यासारख्या. ते टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात आणि तिथली चीर प्लगने बुजत नाही. लडाखवीरांचं किट तिथे शोभेला. एलटी टायर (छोट्या ट्रकचे, जाड भिंतीचे) आणि पूर्ण मापाचे दोन स्पेअर, याखेरीज मी कुणाला जा म्हणणार नाही. डिकीतला गालिचा उचला, खाली स्पेअर कसला आहे ते बघून लिहा.

मुठाकाठ
बारीक चाक आहे. पिवळं स्टिकर, 80 च्या वर जाऊ नये असं लिहिलंय. भाड्याची गाडी आहे हो, त्यांनी दिलं ते. सुट्टीपुरतं भाडं वाढवून घेतोय, ते पैसे उद्या.

शेवग्याची_शेंग
भाड्याची!! अहो हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

निलगिरीखाली
करार काढा आणि कच्च्या रस्त्यांचं कलम वाचा. बहुतेक भाड्याच्या गाड्यांना तिथे सरळ मनाई असते. त्यातून नेलीत तर विमा गेला, आणि तिथून गाडी ओढून आणायचा खर्च हजारोंत.

टपोरी_१२
कोणाला कळतंय? परत देताना धुवून द्यायची.

खाणीतला_बाप्या
ती लाल धूळ दाराच्या रबरात, सीटच्या रुळांत, एसीच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. पाइपाने धुऊन बघा, दार उघडलं की पुन्हा तांबडं पाणी. शिवाय बऱ्याच गाड्यांना ट्रॅकर असतो.

आकाशदर्शन
जुलैत आकाशगंगेचा मध्य डोक्यावर असतो. अमावास्येच्या आसपास जा. 14 मिमीची लेन्स, 20 सेकंद, आयएसओ 3200. ट्रायपॉडला वाळूची पिशवी लटकवा.

मुठाकाठ
कॅमेरा नाहीये माझ्याकडे. करार वाचला. 'फक्त पक्के रस्ते'. आता पर्याय सांगा, सुट्टी मंजूर झालीये.

सिडनीची_माई
ब्रोकन हिलला जा ना! मिल्डुरावरून सगळा डांबरी. 1883 मध्ये चांदी-शिसं सापडलं, 1885 मध्ये कंपनी निघाली, बीएचपी या खाणकंपनीच्या नावातलं बीएच म्हणजे ब्रोकन हिल. गावाच्या मधोमध खाणीच्या मातीचा डोंगर, त्यावर मेलेल्या खाणकामगारांचं स्मारक आहे. आठशेच्या वर नावं, प्रत्येकापुढे कसा गेला तेही. दरड, पडून, शिशाची विषबाधा. आमचे हे तिथून हलेनात. तंबूसाठी गावाबाहेर लिव्हिंग डेझर्ट नावाचं राखीव रान. घड्याळ मात्र अर्धा तास मागे करा, गाव न्यू साउथ वेल्सचं पण वेळ ॲडलेडची.

खाणीतला_बाप्या
ब्रोकन हिल चांगलंच आहे, पण त्यांना कूबर पीडी बघायचंय. स्टुअर्ट हायवे पोर्ट ऑगस्टापासून थेट तिथवर डांबरी आहे. उगाच का गाव बदलायचं?

सिडनीची_माई
त्यांनी पर्याय विचारला, मी दिला. तुमचं गाव म्हणून तुमचंच खरं का?

मुठाकाठ
कूबर पीडीच. आईबाबा आहेत बरोबर, बाबांना ओपल (रंग खेळवणारी रत्नं) बघायचेत. त्यांचे गुडघे धरतात, म्हणून तंबू उंच घेतलाय.

शेवग्याची_शेंग
आईबाबा तंबूत?? आता आणखी काय काय लपवून ठेवलंय?

निलगिरीखाली
दादा, वाळवंटातला जुलै म्हणजे पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो. गुडघ्यांवर दया करा. कूबर पीडीत जमिनीखाली कोरलेल्या खोल्यांची हॉटेलं आहेत, आत बारा महिने 23-25 अंश. दोघांना तिथे ठेवा, तुम्ही वर तंबू ठोका. बाबांना नूडलिंगला न्या, म्हणजे खाणीच्या टाकलेल्या मातीत ओपलचे तुकडे शोधायचे. त्यासाठी ठरवून दिलेली जागा आहे, तिथेच. बाकी शेतांत पाऊल टाकू नका, उघडी भोकं आहेत, फोटो काढताना मागे सरकू तर अजिबात नका.

लडाखवीर
वाळवंटात शेतं?

निलगिरीखाली
ओपल फील्ड्स हो, ओपल खणायची रानं.

मुठाकाठ
बरं, स्टुअर्ट हायवे नक्की. आई विचारतेय, लिंबं, मिरच्या, टोमॅटो किती घेऊ?

शेवग्याची_शेंग
शून्य! मिल्डुरावरून याल तर यांबाच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. फळमाशीमुळे साउथ ऑस्ट्रेलियात ताजी फळं आणि फळभाज्या न्यायची बंदी, लपवलं तर दंड. दुसऱ्या रस्त्यानेही नियम तोच. लोणचं चालतं. भाजी पोर्ट ऑगस्टालाच घ्या, पुढे महाग.

टपोरी_१२
लोणचं कच्चंच असतं की.

शेवग्याची_शेंग
मुरलेलं असतं. आमची बरणी नाक्यावरून सहीसलामत गेलीये.

खाणीतला_बाप्या
ग्लेनडॅम्बोला टाकी भरा, पुढे कूबर पीडीपर्यंत अडीचशे किमी पंप नाही. संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामाला लागा. कुंपण नाही, गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात. आणि रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक) ओलांडताना समोर पुढचा दीड-दोन किमी मोकळा दिसल्याशिवाय बाहेर काढू नका, 50 मीटरच्या वर लांब असतात.

मुठाकाठ
आभारी आहे सगळ्यांचा. बाबा विचारतायत, खाली त्या खोलीत घोरण्याचा आवाज शेजारी जातो का?

निलगिरीखाली
नाही. दगड आहे मधे.