रिझर्व्हवर असलेल्या पायलटचा पगार नक्की कसा धरतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत रीजनल एअरलाईनला उडवणारं कुणी आहे का? माझे मिस्टर नुकतेच फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) झालेत, सिनिऑरिटी लिस्टमध्ये अगदी तळाला, त्यामुळे स्वतःची लाईन (महिन्याचं ठरलेलं उड्डाणांचं वेळापत्रक) मिळत नाही, सगळा महिना रिझर्व्ह, म्हणजे कंपनीने बोलावलं की उडायचं. बेस शिकागो, घर न्यू जर्सीला, म्हणजे शॉर्ट कॉल असला की तिकडे क्रॅशपॅडमध्येच (पायलट मिळून भाड्याने घेतात त्या जागेत) राहावं लागतं कारण फोन आल्यावर दोन तासांत एअरपोर्टला हजर. एफएएच्या (अमेरिकेची सरकारी विमान वाहतूक संस्था) नियमाने शॉर्ट कॉलची उपलब्धता 14 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही एवढं वाचलंय, पण ते 14 तास म्हणजे माणूस अंघोळीला जाताना पण फोन बेसिनच्या कडेला ठेवतो, युनिफॉर्म इस्त्री करून दाराला टांगलेला.

आता मुख्य प्रश्न. त्यांना महिन्याला 75 तासांची गॅरंटी आहे, म्हणजे कमी उडले तरी तेवढ्या तासांचा पगार. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष 41 तास क्रेडिट (पगारासाठी धरलेले तास) झालं, पगार 75 चाच आला, ते कळलं. पण त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःहून एक ट्रिप उचलली होती, 9 तासांची, ती गॅरंटीच्या वर मिळायला हवी ना? की त्या 41 मध्येच मुरवतात? आणि सिक कॉल केला (आजारी आहे म्हणून कळवलं) तर गॅरंटी कापतात का? कॉन्ट्रॅक्टची भाषा वाचून डोकं भणभणलंय हो. पे-स्लिपवर नक्की कुठली ओळ बघायची तेही सांगा प्लीज, युनियनच्या माणसाशी बोलायच्या आधी आम्हाला नीट समजून घ्यायचंय.