दाटीवाटीने टांगलेल्या चित्रांविषयी

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या उन्हाळी प्रदर्शनात चित्रांची इतकी दाटी असते की एकालाही न्याय मिळत नाही, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. १७६९ पासून एकही वर्ष न चुकता भरणाऱ्या या प्रदर्शनात शुल्क भरून कोणालाही कलाकृती पाठवता येते आणि निवड झालीच, तर नवख्याचे चित्र नामवंतांच्या शेजारी लागते. शेजाराने चित्र बदलतेही: १८३२ मध्ये इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलच्या वॉटर्लू पुलाच्या चित्रातला झळझळीत शेंदरी रंग पाहून दुसरा इंग्रज चित्रकार टर्नर याने शेजारच्या आपल्या चित्रातल्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एकच ठिपका ठेवला आणि नंतर त्याला बोयाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा, आकार दिला. मला खटकते ते निराळेच. पहिली चाळणी आता डिजिटल छायाचित्रांवरून होते. जाड रंगाचा पोत त्यात कसा दिसावा?