अधिस्वीकृती, प्रत्यायन की मानांकन? नॅकच्या तयारीतले शब्द

प्रश्न

आमच्या विद्यापीठात नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा पाहणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, पुढच्या फेरीची तयारी चालू आहे. प्राध्यापकांसाठी कार्यशाळा ठेवली आहे आणि तिची टिपणं मराठीत काढायची असं ठरलंय. ‘अ‍ॅक्रेडिटेशन’ला कुठे अधिस्वीकृती, कुठे प्रत्यायन, कुठे मानांकन, तर कुठे नुसतं मान्यता म्हटलेलं दिसतं. हे सगळे एकच का? शिवाय ‘आउटकम’ला उद्दिष्ट म्हणावं की निष्पत्ती, आणि संस्था पाहायला येणाऱ्या ‘पीअर टीम’ला काय म्हणावं, यावर आमच्यातच एकमत होत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

उत्तर, मराठी विभागातून

एकच नाहीत. ‘मान्यता’ आधी बाजूला काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता, अभ्यासक्रमाला मान्यता, महाविद्यालयाची संलग्नता हा सगळा परवानगीचा व्यवहार आहे. ती नसेल तर संस्था चालवताच येत नाही. नॅकचं काम त्यापुढचं आहे: चालू असलेली संस्था कोणत्या दर्जाचं काम करते ते पाहून तसं जाहीर करणं. 1994 साली आयोगाने ही स्वायत्त परिषद बंगळूरला स्थापन केली, तीही याच वेगळ्या कामासाठी.

‘मानांकन’ वर्तमानपत्रांत सर्रास येतं. पण भौगोलिक मानांकन, आयएसओ मानांकन, टेनिसमधला अग्रमानांकित खेळाडू अशा वापरांमुळे त्याला क्रमांकाचा किंवा शिक्क्याचा वास चिकटला आहे. शिवाय एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची, क्रमवारी आणि नॅक यांत प्राध्यापकांचा आधीच घोळ होतो. त्यात भर नको.

‘प्रत्यायन’ हिंदीत रूढ आहे, परिषदेच्या हिंदी नावातही तोच शब्द आहे. अर्थाने तो फार नेमका. प्रत्यय आणून देणं, खात्री पटवणं म्हणजे प्रत्यायन. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही विश्वासाचाच अर्थ आहे. पण मराठी कानाला तो अनोळखी वाटतो. ‘अधिस्वीकृती’ आपल्याकडे अधिस्वीकृतीधारक पत्रकारांमुळे आधीच रुळलेला आहे: अधिकार असलेल्या यंत्रणेने पारखून स्वीकारलेला. टिपणांत मी हाच वापरेन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे आपल्या कामाची इतरांना खात्री पटणं’ असं एक वाक्य जोडेन.

आणखी एक कारण आहे. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनंतर जानेवारी 2024 मध्ये नॅकने श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशा पद्धतीकडे जाण्याचं जाहीर केलं. तोवरच्या पद्धतीत 3.51 ते 4.00 गुणांकाला ‘अ++’ मिळत असे आणि सगळ्यांचं लक्ष त्या दोन अधिकचिन्हांवर असे. ‘मानांकन’ शब्द त्या काळाशी जुळतो, पुढच्या काळाशी नाही.

प्रश्नकर्ते

पटलं. मग ‘असेसमेंट’ला मूल्यांकन की मूल्यमापन? आमच्या मसुद्यात दोन्ही येतात, आणि एका सरांनी विचारलं की नॅक आमच्या उत्तरपत्रिका तपासणार का.

उत्तर, मराठी विभागातून

संस्थेचं मूल्यांकन, विद्यार्थ्यांचं मूल्यमापन. शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून शिक्षकांना ही जोडी सवयीची आहे. नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा निकष ‘अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन’ असा लिहा, म्हणजे सरांची शंका फिटेल. नॅक उत्तरपत्रिकांना गुण देत नाही, तुमची तपासण्याची पद्धत बघते. अंतर्गत परीक्षेच्या तक्रारी कशा आणि किती दिवसांत निकाली निघतात, हेही बघते.

‘पुनर्मूल्यांकन’ मात्र जपून वापरा. आपल्याकडे तो शब्द निकालानंतरच्या अर्जाशी घट्ट बांधलेला आहे. ‘दुसरी फेरी’, ‘तिसरी फेरी’ म्हणणं बरं.

उत्तर, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या एक समन्वयक

उद्दिष्ट आणि निष्पत्ती यांवर थोडं सविस्तर लिहिते, कारण कार्यशाळेत सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि जायलाच हवा.

उद्दिष्ट शिक्षकाचं असतं, निष्पत्ती विद्यार्थ्याची. ‘विद्यार्थ्यांना अलंकारांचा परिचय करून देणे’ हे उद्दिष्ट झालं. त्याचंच ‘विद्यार्थ्यांना अलंकारांचा परिचय होईल’ असं रूप केलं की बरेच जण निष्पत्ती लिहिली असं समजतात. झालेली नसते, कारण परिचय झाला की नाही हे मोजायचं कसं? ‘न वाचलेल्या कवितेतला अलंकार विद्यार्थी ओळखेल आणि त्याने अर्थामध्ये काय भर पडते ते सांगेल’ ही निष्पत्ती. आता प्रश्नपत्रिकेत तसा एक प्रश्न टाका, 5 गुणांचा. कितीजणांना 3 किंवा अधिक मिळाले ते मोजा. ‘अटेनमेंट’ म्हणून ज्या तक्त्याची सगळ्यांना धास्ती असते, त्याचा गाभा एवढाच आहे. किती गुणांना ‘जमलं’ म्हणायचं ही रेषा विभागाने आधी ठरवायची आणि लिहून ठेवायची.

म्हणून क्रियापदाकडे लक्ष द्या. समजेल, कळेल, जाणीव होईल, आवड निर्माण होईल ही क्रियापदं मोजता येत नाहीत. ओळखेल, तुलना करेल, सोडवेल, मांडेल, दुरुस्त करेल ही येतात. आमच्याकडे एका ज्येष्ठ मॅडमनी आपल्या पेपरच्या निष्पत्ती अशा नव्याने लिहिल्या आणि स्वतःच म्हणाल्या, ‘तिसऱ्या घटकावर मी कधी प्रश्नच विचारलेला नाही.’ मला विचाराल तर तयारीचं चीज तिथेच झालं, समिती यायची होती तरीसुद्धा.

‘अटेनमेंट’ला मी ‘निष्पत्तीची पातळी’ म्हणते. ‘संपादणूक’ही चालतं, पण ते एकूण निकालासाठी वापरलं जातं.

उत्तर, ग्रंथालयातून

‘एव्हिडन्स’ला कृपया ‘दस्तऐवज’ म्हणू नका, ‘पुरावा’ म्हणा. दस्तऐवज मागितले की लोक कपाटं रिकामी करतात आणि फायलींचा ढीग येऊन पडतो. पुरावा मागितला की ‘कशाचा?’ हा प्रश्न आपोआप येतो. व्याख्यान झालं म्हणता, तर सूचना, तारीख, उपस्थितांच्या सह्या, जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेला फोटो आणि अर्धं पान अहवाल एकत्र हवा. यातली तारीख एका ठिकाणी 12 आणि दुसऱ्या ठिकाणी 21 असली तर माहितीच्या पडताळणीत, म्हणजे डीव्हीव्हीत, तो दावा अडकतो. नॅकच्या 2017च्या आराखड्यापासून आकड्यांत मोजायच्या मुद्द्यांना मोठं वजन आलं, त्यामुळे बरंचसं पारडं समिती दारात यायच्या आधीच ठरतं.

बैठकीचं ‘इतिवृत्त’ आणि त्यावरचा ‘कार्यवाही अहवाल’ हे दोन वेगळे कागद आहेत, हेही टिपणात लिहा. ठराव केला हे पहिल्यात, ठरावाचं काय झालं हे दुसऱ्यात. दुसरा बहुतेक ठिकाणी नसतो.

प्रश्नकर्ते

फार उपयोगी. आता ‘पीअर टीम’ तेवढं राहिलं. आमच्या सूचनापत्रकात ‘तपासणी पथक’ छापून गेलंय.

उत्तर, मराठी विभागातून

ते बदला. तपासणीला येतात ते चुका शोधायला, अशी आपली भावना असते. संलग्नतेसाठी येणारी स्थानिक चौकशी समितीही लोकांच्या डोक्यात असतेच. त्या धाकापायी प्राध्यापक पाठ केलेली उत्तरं देतात, आणि नेमका विषय शिकवताना येणाऱ्या अडचणींचा प्रश्न आला की गप्प होतात. ‘पीअर’ म्हणजे आपल्याच पेशातले, आपल्या बरोबरीचे. येणारे बहुतेक सदस्य दुसऱ्या विद्यापीठांतले कुलगुरू, प्राध्यापक, प्राचार्यच असतात. ‘समव्यावसायिक’ अर्थाला बरोबर आहे, बोलायला जड. ‘तज्ज्ञ समिती’ रुळलेलं आहे, पण बरोबरीचा भाव त्यात येत नाही. मी ‘सहाध्यापक समिती’ सुचवलं असतं, पण सगळे सदस्य अध्यापनातलेच असतील असं नाही. त्यामुळे लेखी ‘समकक्ष समिती’ आणि बोलताना ‘पीअर टीम’. ‘व्हिजिट’ला ‘भेट’, ‘पाहणी’सुद्धा नको.

उत्तर, समन्वयक

‘भेट’ला माझाही दुजोरा. आणि एकेका निकषाचं काम सांभाळणाऱ्या ‘क्रायटेरियन हेड’ला ‘निकषप्रमुख’ करा. आमच्याकडे शिपाईदादांपासून सगळे आता तोच शब्द वापरतात. ‘मेट्रिक’ला, म्हणजे निकषाखालच्या एकेका मुद्द्याला, मात्र आम्ही मेट्रिकच ठेवलं. नॅकच्या पोर्टलवर तेच नाव आहे आणि माहिती भरताना तेच शोधावं लागतं.