जूनमध्ये हीटर लावलेल्यांनो, इकडे या

वऱ्हाडी मिरची
सकाळी आईचा फोन. अकोल्यात मृग लागून आठवडा झाला तरी थेंब नाही, कूलरचं पाणीसुद्धा कोमट येतंय म्हणाली. मी इकडे एडिंबरात स्वेटर-मोजे घालून बसलेली, आणि बाहेर इतकं धुकं की समोरच्या घराचं धुराडं दिसत नाही. तिला सांगितलं बारा डिग्री आहे. "मजा आहे बा तुमची!" आता हिला काय सांगू.

त्यावरून २०१२ चा उन्हाळा आठवला. सासू-सासरे नागपूरच्या उकाड्यातून सुटका म्हणून आमच्याकडे आले होते. सासूबाईंच्या बॅगेत सगळ्या सुती साड्या, सासऱ्यांचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट. दोन-चार दिवस बाबा काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, इथे उन्हाळा कधी सुरू होतो?" म्हटलं बाबा, हाच. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माकडटोपी आहे का विचारलं.

जुन्या कपड्यांच्या दुकानातून सासूबाईंना एक जांभळं फुगीर जाकीट आणलं. सुती साडी, वर ते जाकीट, खाली माझे बूट. तशा त्या पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर बाकावर बसायच्या, थर्मासमधला चहा पीत. समोर स्कॉटिश पोरं उघड्या अंगाने त्या पाण्यात डुंबतायत. "यांच्या आयांना काही वाटत नाही का गं?" हे रोजचं वाक्य.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथलं धुकं साधं नाही. त्याला 'हार' म्हणतात. गरम हवा थंडगार उत्तर समुद्रावरून आली की तिचं धुकं होतं आणि ते पूर्व किनाऱ्यावर चढतं. म्हणजे बाकीच्यांकडे चांगली हवा असते नेमकं तेव्हाच आम्ही पांढऱ्या अंधारात. थोडं आत गाडी नेली की लख्ख ऊन. ग्लासगोवाले मुद्दाम फोटो पाठवतात, मेले.

शेवटी सासऱ्यांनीच निकाल दिला. "हा उन्हाळा नाहीच. हा आषाढ आहे. भजी करा." मग रोज चार वाजता कांदाभजी, आणि रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो तेवढा वेळ मेंढीकोट. ते दोघं परत गेले तेव्हा मलाच करमेना.

तर तुमचे थंड, मळभट, फसलेले उन्हाळे लिहा. काय करता तेव्हा?

टेम्सकाठी
२०१२!!! अगं त्या वर्षीची खरी गंमत आमच्या बाजूला झाली. एप्रिलच्या सुरुवातीला दुष्काळ म्हणून बागेत पाइपने पाणी घालायला बंदी. आणि तो एप्रिल १९१० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात ओला एप्रिल निघाला. मग जूननेही तोच पराक्रम केला. आमचे शेजारी आजोबा भर पावसात छत्री घेऊन, झारीने, कुंड्यांना पाणी घालायचे. निषेध म्हणून 😂

पावशेर
जांभळ्या जाकिटाचा फोटो पाहिजे

वऱ्हाडी मिरची
@पावशेर सासूबाई धागा वाचतात. जपून.

चकलीचा काटा
२००९ विसरलात सगळे. ब्रिटनच्या हवामान खात्याने एप्रिलमध्ये जाहीर केलं, यंदा 'बार्बेक्यू समर' होण्याची शक्यता जास्त. आमच्या ह्यांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून ही मोठी शेगडी आणली, झाकणाची, चाकांची. जुलैभर नुसती धार. पुढच्या वर्षी खात्याने लोकांसाठीचे ऋतूचे अंदाज देणंच बंद केलं, पण शेगडी काही परत जाईना.
मग आम्ही तिच्यावर वांगी भाजायला लागलो. मी छत्री धरायची, ह्यांनी चिमट्याने वांगं फिरवायचं, छत्रीत धूर कोंडून दोघांचे डोळे लाल. पण भरीत! गॅसवरच्या वांग्याला ती चव नाही. आता तर पाऊस नसला तर ह्यांना भरीत सुचतच नाही.

टेम्सकाठी
वांग्याला +१. इकडची ती गुळगुळीत जांभळी वांगी चालतात का, की जळगावचीच लागतात?

चकलीचा काटा
चालतात गं, जरा पाणचट लागतात. भाजल्यावर चाळणीत निथळत ठेव.

शेवंता सिअॅटल
आमच्याकडे याला नावच आहे, जूनवारी. जून + जानेवारी. इथले लोक सांगतात उन्हाळा ५ जुलैला सुरू होतो, आणि ४ जुलैची आतषबाजी रेनकोट घालून बघायची. नवीन आलेल्यांना वाटतं विनोद आहे. माझ्या मुलीचा वाढदिवस जूनच्या मध्यात, पार्कातला मांडव दर वर्षी भिजतो. आता फेब्रुवारीतच हॉल ठरवते

टेम्सकाठी
पण तुमचे जुलै-ऑगस्ट कोरडे, सोनेरी असतात की. तुम्हाला या धाग्यावर अर्धीच जागा.

शेवंता सिअॅटल
हो गं. अर्धीच घेते. सरका 😄

बे एरियाचा बंडू
मग पूर्ण जागा मला द्या. सॅन फ्रान्सिस्को, ऑगस्ट. धुक्याला लोकांनी कार्ल असं नाव ठेवलंय, म्हणजे बघा किती घरोबा असेल. किनाऱ्यालगत समुद्राचं पाणी गार, आतल्या खोऱ्यात हवा तापून वर जाते, आणि मग समुद्रावरचं धुकं गोल्डन गेटमधून आत ओढलं जातं. आत जितका उकाडा तितके आम्ही गारठतो. पुण्याहून मामेभाऊ सहकुटुंब आला, सगळे हाफ पँटमध्ये. पहिल्या तासात चौघांनी पुलाचं चित्र असलेले सारखे स्वेटशर्ट घेतले. सगळ्या फोटोंत ते एका शाळेच्या सहलीचे दिसतात, आणि पूल एकाही फोटोत नाही.

नाइट वॉचमन
ट्रेंट ब्रिज, १३ जून २०१९, भारत-न्यूझीलंड. बस, एवढंच लिहितो.

पावशेर
एकही चेंडू नाही ना पडला

नाइट वॉचमन
एकही नाही. कव्हर काढायचे, लोक टाळ्या वाजवायचे, कव्हर घालायचे. मी त्या दिवशी ग्राउंड स्टाफलाच पंचवीस-तीस वेळा चिअर केलं असेल. मागच्या रांगेतल्या पटेलकाकूंनी थेपले वाटले म्हणून निभावलं. आणि २०२१ ला साउदम्प्टनची कसोटी अजिंक्यपदाची फायनल, तिचाही पहिला आणि चौथा दिवस पाण्यात, राखीव दिवशी खेळले आणि हरलो. जूनमध्ये इंग्लंडमध्ये फायनल ठेवायची कुणाची आयडिया असते देव जाणे.

साटवली
तुमचं सगळं वाचलं, हसू आलं. पण मी रत्नागिरीजवळची. आमचा २०२५ चा मे लिहू का? इथे उन्हाळा फसला तर भजी करून भागत नाही.

मेच्या मधल्यापासूनच आभाळ भरलेलं. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला थेट मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो १९५० पासूनच्या नोंदींत कधी आला नव्हता. टीव्हीवर सगळे खूश, काय गारवा काय गारवा. आमच्या अंगणात तेव्हा आमसुलं वाळत होती. रातांबे फोडून साली वेगळ्या करायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत रसात, परत उन्हात. सालीला काळसर चकाकी यायला कडक ऊनच लागतं. मध्येच ऊन गेलं की साल चिकट राहते, मग वास येतो, मग पांढरी बुरशी. आम्ही पंख्याखाली घातली, माजघरात खाटांवर घातली, चुलीच्या वरच्या माळ्यावर घातली. घरभर आंबूस वास आणि पाय ठेवायला जागा नाही. तरी बरीच टाकावी लागली. फणसाची साठं तर ताटातच आंबली. झाडावर राहिलेला हापूस डागाळला, कॅनिंगवाल्याने पडेल भाव दिला.
सासूबाई म्हणाल्या, मे महिन्याने फसवलं तर वर्षभराची आमटी फसते.

वऱ्हाडी मिरची
ताई 🙏 आम्ही इथे भज्यांच्या गप्पा मारतोय.

साटवली
अगो मारा की! इथे आम्हीपण भजी केली होतीच. चुलीशी बसायला कारण मिळालं.

निफाडचा नातू
आमचा कांदा त्याच मेमध्ये गेला. काढून शेतात पोळी घालून ठेवलेला, पात वाळायला. वरून पाऊस. जो उचलून चाळीत टाकला तो आतून सडत गेला, महिनाभर रोज निवडणं. वडील अजून मे म्हटलं की आधी आभाळाकडे बघतात.

पंचांगकाका
मी म्युनिकजवळ असतो. जर्मन शेतकरी आपल्या शेतकऱ्यांहून वेगळा नाही. मेच्या मध्यात 'बर्फाचे संत' येऊन जाईपर्यंत टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. जूनमध्ये थंडी परतते तिला मेंढ्यांची थंडी म्हणतात, कारण नुकती लोकर कातरलेली असते. आणि २७ जूनला जशी हवा तशी पुढे सात आठवडे, अशी म्हण. मी ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, म्हैस, कोल्हा. आता दर दोन आठवड्यांनी बॉस विचारते, सध्या कोणता प्राणी? त्यासाठी पंचांग मागवून घेतलं.

पावशेर
काका मग सध्या कोणता प्राणी?

पंचांगकाका
पंचांग वरच्या खोलीत आहे, गुडघा दुखतोय. उद्या.

दुपारची झोप
जरा वेगळं लिहिते, चालेल ना. डब्लिनला आहे. हिवाळ्याची मनाची तयारी असते हो, दिवे लावतो, दिवाळी येते, निघून जातं. पण त्या अंधारात आपण "मे येईल" या एका वाक्यावर काढतो. आणि मग मे-जून-जुलै तसेच राखाडी गेले की त्या वाक्याचंच काही उरत नाही. एका जुलैत मी भांडी घासताना विनाकारण रडायला लागले. उजेड पहाटे पाचपासून, पण सगळा ताकाच्या रंगाचा.
डॉक्टरांनी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व तळाला. गोळ्या घेतल्या, बोलायला एक बाई भेटल्या, दोन्हीचा फरक पडला. शिवाय हवामानाचं ॲप फोनवरून काढून टाकलं. त्यात दहा दिवसांचे ढग ओळीने बघायचे, म्हणजे उद्याचं दुःख आजच. आता दुपारी डबा खाल्ला की जसं असेल तसं बाहेर पडते, टोपी ओढून.

टेम्सकाठी
बरं झालं लिहिलंस गं. आपल्या सावळ्या कातडीला इथलं ऊन तसंही कमीच पडतं. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाच सांगते, थंडीत सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम घ्या आणि गडद वर्णाच्यांनी वर्षभर घेण्याचा विचार करा. नवीन आलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

वऱ्हाडी मिरची
@दुपारची झोप व्यनि (खासगी निरोप) केलाय. कधीही फोन कर.

हिरवा टोमॅटो
बागवाल्यांचं कुणी बोललं नाही अजून. २०२४ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये २०१५ नंतरचा सगळ्यात गार. माझे टोमॅटो सप्टेंबरपर्यंत हिरवेच. दाण्याचं कूट आणि गूळ घालून भाजी, तिखट चटणी, परत भाजी. घरात टोमॅटो शब्दाला बंदी आली. पण कोथिंबीर!! उन्हाने ती लगेच फुलावर जाते, त्या वर्षी गेलीच नाही, जुड्याच्या जुड्या. कोथिंबीर वड्या करून अख्ख्या गल्लीला वाटल्या. मेथी गोगलगायींनी खाल्ली. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचणे हा आमचा उन्हाळी छंद.

बे एरियाचा बंडू
टाकता कुठे वेचून?

हिरवा टोमॅटो
ते विचारू नका

डोंगरचा डास
स्काय बेटावर गेलात का कुणी अशा हवेत? ऊन नाही, वारा नाही, दमट. मिजेस नावाच्या चिलटांचा सण. टेंट लावायला वाकलो ते पळतच गाडीत. जरा वारा सुटला की गायब होतात, म्हणून बायको रस्ताभर "वारा येऊ दे" म्हणत होती. तिने शेवटी कापूर जाळला. चिलटांना काही झालं नाही, आम्हालाच खोकला

शेवंता सिअॅटल
कापूर 😂😂 बाय द वे गारठ्यात आंबे पिकवता कसे? माझी पेटी आठवडाभर दगड.

टेम्सकाठी
वर्तमानपत्रात गुंडाळून बॉयलरच्या कपाटात. पेटी मिळतेय यातच सुख मान. २०१४ च्या मेपासून युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, फळमाशी सापडली म्हणून. तो उन्हाळा ऊन असूनही फुकट गेला. पुढच्या जानेवारीत उठवली.

साटवली
तेव्हा इथे बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पेंढ्यात ठेवतात गो आंबे, कपाटात कसले.

शेवंता सिअॅटल
पेंढा कुठून आणू ताई! आणि इडलीचं पीठ? दोन दिवस झाले, ढिम्म हलत नाही.

हिरवा टोमॅटो
ओव्हन बंद, फक्त आतला दिवा लावून ठेव रात्रभर.

शेवंता सिअॅटल
आमच्या ओव्हनचा दिवाच गेलाय.

चकलीचा काटा
मग तूही कपाटात ठेव, आंब्यांशेजारी. पण भांड्याखाली मोठं ताट ठेव हं. आमच्याकडे मागच्या वेळी पीठ उतू जाऊन ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर आलं होतं.