स्टार वॉर्सच्या कादंबऱ्या : ज्या क्रमाने छापल्या त्याच क्रमाने वाचा, टाइमलाइन गेली खड्ड्यात

खगोलवेडी (धागाकर्ती)

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं की स्टार वॉर्सच्या कादंबऱ्या वाचायच्यात, सुरुवात कुठून करू? की लगेच कोणीतरी त्या बिचाऱ्याला भलीमोठी टाइमलाइन, म्हणजे गोष्टीतल्या घटनांच्या क्रमाने लावलेली यादी, चिकटवून मोकळं होतं, जी पिक्चरचा नायक ल्यूकच्या २५,००० वर्षं आधीपासून सुरू होते. म्हणजे पहिलं पुस्तक हातात येणार 'इन्टू द व्हॉइड', जे छापलं गेलं २०१३ मध्ये आणि ज्यात ओळखीचं कुत्रंही नाही. माणूस पन्नासाव्या पानावर झोपतो आणि परत त्या वाटेला जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे, छापल्याच्या क्रमाने वाचा. लेखकाला लिहिताना जेवढं ठाऊक होतं तेवढंच वाचकाला ठाऊक असलं की पुस्तक नीट कळतं.

'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' घ्या. ॲलन डीन फॉस्टर, १९७८. दुसरा पिक्चर यायला अजून दोन वर्षं होती. पहिला आपटला तर कमी पैशांत दुसरा काढता यावा म्हणून लिहून घेतलेली गोष्ट, त्यामुळे सगळं धुक्यातल्या दलदलीच्या ग्रहावर, आणि हान सोलो गायब, कारण हॅरिसन फोर्डचा पुढचा करारच झाला नव्हता. त्यात ल्यूक लेयावर चक्क लट्टू आहे. टाइमलाइनवाले हे पुस्तक चौथ्या आणि पाचव्या भागाच्या (म्हणजे सगळ्यात आधी निघालेल्या दोन पिक्चरच्या) मध्ये बसवतात. आता सहावा भाग बघितलेल्या माणसाला माहितीय की ही दोघं जुळी भावंडं आहेत. कसं वाचायचं सांगा! १९७८चं म्हणून वाचलं तर मात्र मजा येते, तेव्हा खुद्द लेखकालाही हे ठाऊक नव्हतं.

दुसरं, 'आउटबाउंड फ्लाइट'. टिमथी झानने २००६ला लिहिलं, कथा मात्र थ्रॉन या खलनायक सेनापतीवरच्या झानच्याच मूळ तीन पुस्तकांच्या कितीतरी आधीची. कालक्रमाने ते आधी वाचलंत तर त्या तिन्ही पुस्तकांमधल्या म्हाताऱ्या जेडायचं (गूढ शक्ती असलेल्या योद्ध्याचं) जे गूढ आहे त्याचा पहिल्याच भेटीत निकाल लागतो.

बोकोबा

ताई, तुम्ही सोयीची दोन उदाहरणं उचललीत. डेल रे प्रकाशनाच्या पुस्तकांत सुरुवातीलाच टाइमलाइनचं पान असतं, ते काय पान भरायला छापतात का?

आता माझं उदाहरण. एक्स-विंग ही कादंबऱ्यांची मालिका, १९९६ला सुरू झाली, पहिली चार पुस्तकं स्टॅकपोलची. जुलमी एम्पायरच्या हातातून कोरसांट हा राजधानीचा ग्रह बंडखोरांनी कसा काढून घेतला ते सगळं त्यात आहे. झानचं 'एअर टू दि एम्पायर' १९९१चं, पण त्यात कोरसांट आधीच न्यू रिपब्लिकची, म्हणजे बंडखोरांच्या नव्या सरकारची, राजधानी झालेलं. छापल्याच्या क्रमाने गेलात तर राजधानी मिळालेली आधी दिसते आणि मग पाच वर्षांनी आलेल्या पुस्तकात ती मिळेल का नाही म्हणून नखं खायची. काय अर्थ आहे? आधी एक्स-विंग वाचा मग थ्रॉन, आणि बघा थ्रॉन जेव्हा एकेक ग्रह परत घ्यायला लागतो तेव्हा पोटात कसा गोळा येतो, कारण ते मिळवताना कोण कोण मेलं ते तुम्ही वाचलेलं असतं.

अर्धा_जेडाय

दोघांचंही चूक. २५ एप्रिल २०१४ला पिक्चर काढणाऱ्या लुकासफिल्मने जाहीर केलं की आधीच्या पुस्तकांतलं सगळं 'लेजंड्स', म्हणजे खोटं धरा. विषय संपला. नवीन माणसाला तुम्ही 'व्हेक्टर प्राइम' वाचायला लावणार, त्यात हानचा केसाळ साथीदार च्युबाकाच्या डोक्यावर अख्खा चंद्र पाडून त्याला मारलाय १९९९मध्ये, आणि २०१५च्या पिक्चरमध्ये तो ठणठणीत फिरतोय. पुस्तकांत हान-लेयाला तीन मुलं, पिक्चरमध्ये एकच. पुस्तकांत बेन हा ल्यूकचा मुलगा, पिक्चरमध्ये हानचा. डोकं फिरेल त्याचं. सरळ नव्या पुस्तकांतल्या 'अ न्यू डॉन'पासून पुढे या. क्लॉडिया ग्रेचं 'लॉस्ट स्टार्स' वाचा, एकटं वाचलं तरी चालतं.

खगोलवेडी

@अर्धा_जेडाय, 'लॉस्ट स्टार्स'ला +१, बाकी सगळ्याला -१.

खोटं धरा म्हणे! अहो ज्या कोरसांटवर वर बोकोबा भांडतायत ते नावच झानच्या १९९१च्या पुस्तकातून आलं, पिक्चरवाल्यांनी नंतर उचललं. थ्रॉनला तुमच्या २०१४च्या फतव्यात हद्दपार केलं आणि २०१६ला 'रेबेल्स' मालिकेत मागच्या दाराने परत आणलं, वर २०१७ला झानलाच बसवून नवीन पुस्तक लिहून घेतलं. आणि जुन्या काळातही सगळं सारखं खरं नव्हतंच हो, तेव्हाही उतरंड होती, लुकासचे पिक्चर सगळ्यात वर, त्याखाली टीव्ही, पुस्तकं त्याच्याही खाली. कॅरन ट्रॅव्हिसने पुस्तकांत मँडलोरियन या लढवय्या लोकांची भाषा, रीतिरिवाज, सगळा संसार मांडला, आणि २०१०मध्ये 'क्लोन वॉर्स' मालिकेने त्यांच्या ग्रहावर शांततावादी सरकार दाखवलं. पुस्तकवाल्यांनी निमूट बघत बसायचं.

आणि नवं कॅनन, म्हणजे अधिकृत खरी धरलेली गोष्ट, तरी कुठे धड आहे? 'असोका' ही त्याच नावाच्या जेडाय मुलीवरची कादंबरी आली २०१६ला, नव्या कॅननमधली, अगदी शिक्कामोर्तब झालेली. २०२०ला 'क्लोन वॉर्स'चा सातवा सीझन आला, मँडलोरचा (मँडलोरियनांच्या ग्रहाचा) वेढा त्यात पुस्तकापेक्षा वेगळाच. २०२२ला 'टेल्स ऑफ द जेडाय'मध्ये असोकाने शेतावर लपण्याची गोष्ट पुन्हा सांगितली, तीही वेगळी. आता यातलं खोटं कुठलं धरू?

अर्धा_जेडाय

बारीकसारीक तपशील बदलणं वेगळं आणि मेलेला वूकी, म्हणजे च्युबाका, जिवंत होणं वेगळं. उगाच एका मापाने मोजू नका.

डेकवरचा_बाबूराव

मी पलीकडच्या गल्लीतला, स्टार ट्रेकवाला. आमच्याकडे कादंबऱ्या कॅनन कधीच नव्हत्या, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. टीव्हीवरच्या मालिका थांबल्या तशी पुस्तकवाल्यांना मोकळं रान मिळालं, डीप स्पेस नाइन मालिकेची गोष्ट २००१पासून पुस्तकांनीच पुढे नेली, डेव्हिड मॅकने २००८ला 'डेस्टिनी'च्या तीन भागांत बोर्ग या यंत्रमानवी शत्रूंचा कायमचा निकाल लावला. आणि २०२०ला 'पिकार्ड' मालिका आली, त्यात सगळं वेगळं. मग पुस्तकवाल्यांनी काय केलं? २०२१मध्ये 'कोडा' नावाची तीन पुस्तकं काढून आपल्याच वीस वर्षांच्या जगाला रीतसर निरोप दिला. तुमच्यासारखं एका पत्रकात उडवून नाही लावलं. शेवट रडवतो पण निदान शेवट आहे.

क्रमाचं म्हणाल तर तिथे छापल्याचा क्रम हाच बरा, बऱ्याच ठिकाणी दोन्ही क्रम जुळतातच.

बोकोबा

बाबूराव, निरोपाचं पटलं. तुमच्यासारखं पुस्तक लिहून संपवलं असतं तर आम्ही दहा वर्षं अशी भांडलो नसतो. (भांडलो असतो.)

नवाभिडू

मी नवीन आहे रागावू नका. मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर 'डार्क फोर्स रायझिंग' मिळालंय, थ्रॉनचा दुसरा भाग, पहिला त्या माणसाकडे नव्हता. तुमची चर्चा वाचून अजून गोंधळ झाला. हेच सुरू करू का?

खगोलवेडी

अजिबात नाही! पहिलं कुठूनही पैदा कर, किंडलवर घे, कोणाचं उसनं आण. अरे पहिल्यात थ्रॉन कसा भेटतो, अंधारलेली खोली, भोवती होलोग्रामच्या चित्रांची आणि पुतळ्यांची रांग, आणि हा निळा माणूस शत्रूची कला बघून ठरवतोय की त्यांचं आरमार कुठे चुकणार. कॅप्टन पेलिऑन शेजारी उभा राहून आपल्यासारखाच चक्रावलेला. ते सोडून एकदम दुसऱ्यात उडी कशी मारशील? शिवाय पहिल्याच्या अगदी शेवटी ॲडमिरल ॲकबारला देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडतात आणि दुसरं तोच धागा पकडून पुढे जातं.

नवाभिडू

हा स्पॉयलर होता ना :(

बोकोबा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). म्हणजे आधी घडलेलं आधी वाच असंच सांगितलंत ना शेवटी? यालाच कालक्रम म्हणतात ताई.

खगोलवेडी

१९९१ मग १९९२. छापल्याचा क्रम आहे तो. मोजून घ्या.