‘एक्झेम्प्ट प्रॉपर्टी’ला मराठीत काय म्हणाल?

मेघना_ह्यूस्टन
इथल्या ओळखीच्या एका काकांनी दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरवलंय. वकिलाच्या कागदांचा मराठी गोषवारा त्यांना लिहून देतेय आणि ‘एक्झेम्प्ट प्रॉपर्टी’पाशी, म्हणजे दिवाळखोरीतही धनकोंना (ज्यांचं देणं आहे त्यांना) घेता येत नाही त्या मालमत्तेपाशी, अडलेय. ‘सूट मिळालेली मालमत्ता’ लिहिलं, तर काका म्हणाले, “किती टक्के?”

औतकाठी
बरोबरच विचारलं त्यांनी! सूट म्हटलं की साड्यांचा सेल आठवतो. ‘माफी’ तर त्याहून वाईट, घराचं कर्जच माफ झालं असं वाटेल. घर तारण असेल तर त्या बँकेचा हक्क तसाच राहतो, हप्ते थकले तर घर जाणारच. वाचतं ते इतर धनकोंपासून. मी ‘जप्तीतून वगळलेली मालमत्ता’ लिहीन. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० नेमकं हेच करतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, गुरं नि बियाणं, शिवाय रूढीनुसार बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने. म्हणजे मंगळसूत्र. डिक्री (वसुलीचा कोर्टाचा हुकूम) झाली तरी चुलीवरचं पातेलं नेता येत नाही.

मेघना_ह्यूस्टन
‘वगळलेली’ आवडलं, पण आपोआप काहीच वगळलं जात नाही. काय काय राखायचं त्याची यादी अर्जदारानेच द्यायची, दिवाळखोरीच्या प्रकरणावर नेमलेला ट्रस्टी ती तपासतो. म्हणून ‘वगळून मागितलेली’ लिहू का? आणि ‘होमस्टेड’ला?

औतकाठी
‘राहतं घर’. याहून चांगला शब्द कोर्टालाही सुचणार नाही. भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट त्यात बसत नाही, हेही त्या ‘राहतं’नेच सांगून टाकलं.

मेघना_ह्यूस्टन
वा! टेक्सासमध्ये शहरातलं राहतं घर १० एकरांपर्यंत वाचतं, किमतीला मर्यादा नाही. खरेदीला १,२१५ दिवस झाले नसतील तर मात्र २००५ पासून केंद्राच्या कायद्याने रकमेची कमाल मर्यादा लागते. फ्लोरिडात शहरी घराला जेमतेम अर्धा एकर.

जुनी_पाटी
जरा विषयांतर. काकांना ‘दिवाळखोर’ म्हणू नका हो. भांडखोर, लाचखोर, चहाडखोर... ‘खोर’ लागलं की शिवीच होते. ‘नादार’ म्हणा. फारसीतला ‘नादार’ म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. आमच्या शाळेत नादारी म्हणजे फीमाफी, वर्गात निम्म्यांना असायची, कोणाला लाज वाटत नसे. आपल्याकडचा २०१६ चा कायदाही ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणून छापला जातो, म्हणजे शब्द अजून चलनात आहे.

मेघना_ह्यूस्टन
नादारी घेतलं. काकांना आज यादी वाचून दाखवली. टेक्सासच्या कायद्यात राखता येणाऱ्या जंगम वस्तूंत १२ गुरं आणि १२० कोंबड्याही आहेत. “मग आधी सांगायचंस,” म्हणाले, “कोंबड्याच पाळल्या असत्या.”