वास्तुशांतीला गेलो आणि फ्लॅट बुक करून आलो, आता पुढे काय?

बार्शीची_सून

नमस्कार मंडळी. अक्षय्य तृतीयेला नवऱ्याच्या मित्राची वास्तुशांत होती पुनावळेत (पिंपरी चिंचवड), जेवून निघालो तर समोरच्याच प्रोजेक्टचं भलं मोठं होर्डिंग, म्हटलं उन्हात बाईक तापलीय तर जरा एसीत बसू, सॅम्पल फ्लॅट बघायला काय पैसे पडतात! तासाभराने बाहेर आलो ते ५१ हजारांचं टोकन भरून, हातात पेढ्याचा बॉक्स आणि बुकिंग फॉर्मची कार्बन कॉपी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसतच सुटलो.

टूबीएचके आहे, नववा मजला, अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू ६८ लाख, पझेशन २०२८ डिसेंबर. "मुहूर्ताचा रेट आज रात्रीपर्यंतच" म्हणाले आणि वर मॉड्युलर किचन फ्री. आता वाकडला भाड्याने राहतो, २४ हजार भाडं, दोघांची नोकरी हिंजवडीला. घर आम्हाला आवडलंय हं, रडायला आलेली नाहीये. पण सासरे (अण्णा) फोनवर एवढंच म्हणाले, "भाजी घेताना चार गाळे फिरता ना रे?" आणि ठेवला. तेव्हापासून नवरा गप्प आहे.

फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात टोकन नॉन रिफंडेबल लिहिलंय. महिनाभरात २०% भरा म्हणतायत, अ‍ॅग्रीमेंट "नंतर निवांत करू". हे असंच असतं का? अ‍ॅग्रीमेंटच्या आधी काय काय बघून घ्यायचं?

सातबारा

अभिनंदन आधी. अण्णांचं बरोबर आहे पण अजून काही हातातून गेलेलं नाही, ५१ हजारच गेलेत.

२०% बिलकुल भरू नका. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) कलम १३ प्रमाणे रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला १०% पेक्षा जास्त घेताच येत नाही. "निवांत करू" हे त्यांच्या सोयीचं आहे, तुमच्या नाही. सेल्सच्या माणसाला फोनवर सांगत बसू नका, मेल टाका, उत्तर मेलवरच मागा.

दुसरं म्हणजे अलॉटमेंट लेटर (हा फ्लॅट तुम्हाला दिला असं बिल्डरचं पत्र) मागा. बुकिंग फॉर्म म्हणजे अलॉटमेंट लेटर नव्हे. महारेराने (रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२२ मध्ये त्याचा नमुना ठरवून दिलाय, त्यात लेटर मिळाल्यापासून १५ दिवसांत कॅन्सल केलं तर एक रुपया कापायचा नाही, १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १%, ६० दिवसांपर्यंत दीड, त्यानंतर २%. आणि उरलेले पैसे ४५ दिवसांत परत. टक्का घराच्या किमतीवर आहे बरं का, टोकनवर नाही, म्हणजे तुमच्या केसमध्ये १% म्हणजेच ६८ हजार. म्हणून विचार बदलायचा असेल तर पहिल्या पंधरवड्यातच बदला.

आज रात्री महारेराच्या साईटवर प्रोजेक्ट नंबर टाका (होर्डिंगवर क्यूआर कोड असणारच, २०२३ पासून सक्तीचा आहे). तुमची विंग त्याच नंबरात रजिस्टर आहे का, मुदतवाढ किती वेळा घेतलीय, जमिनीवर बोजा (कर्जासाठी तारण) किंवा कोर्टकेस आहे का, आणि तुमच्या फ्लॅटचा कारपेट (बाल्कनी सोडून आतलं क्षेत्रफळ) किती. सेल्सवाल्याची २०२८ सोडा, साईटवरची तारीख काय आहे ती खरी.

पुनावळेकर

मी इथेच राहतो. फ्लॅटचं सगळे सांगतील, मी पाण्याचं सांगतो. पिंपरी चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर ठरलेला. शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचारा दिवसाला किती टँकर येतात, तो खरं सांगेल, आणि मेंटेनन्स किती येतो तेही तिथेच कळेल. ब्रोशरमध्ये धबधबा असतो, नळाला नसतो.

आणि रविवारी दुपारी रस्ता मोकळा दिसला असेल तर त्यावर जाऊ नका, सोमवारी सकाळी नऊला हायवेच्या अंडरपासला येऊन उभे रहा. पाऊस पडला की अजून एकदा या. हिंजवडी नकाशावर "दहा मिनिटं" आहे, ती दहा मिनिटं अंडरपासच्या अलीकडेच संपतात.

तरी सांगतो, मी घर विकून जाणार नाही. सवय होते.

हिशोबनीस

६८ ऐकून आलात पण भरायचे किती ते कुणी सांगितलं का? स्टँप ड्युटी ७% म्हणजे ४ लाख ७६ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५% म्हणजे ३ लाख ४०. झाले ७६ लाख ४६ हजार, आणि यात पार्किंग, सोसायटी डिपॉझिट, वकील काहीच नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८०% पर्यंतच देते आणि स्टँप ड्युटी त्या किमतीत धरत नाही, म्हणजे ५४ लाख ४० हजार कर्ज आणि खिशातून २२ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं धरली तर हप्ता ४७ हजारच्या आसपास. पूर्ण हप्ता लगेच नाही लागणार, स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम चढेल तसं कर्ज सुटतं आणि तेवढ्यावर व्याज चालू होतं, पण ते भाडं चालू असतानाच भरायचं. फ्री किचनपेक्षा हे २२ लाख आहेत का ते आधी बघा.

घर फक्त तुमच्या (बाईंच्या) नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी १% कमी, ६८ हजार वाचतात. दोघांच्या नावावर सवलत नाही. नवरा मालक नसतानाही कर्जात सहअर्जदार राहू शकतो, पण मग व्याजाची करवजावट त्याला नाही. नवीन कररचनेत असाल तर राहत्या घरावर ती कुणालाच नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

एसआयपी_झिंदाबाद

२४ हजारात राहताय आणि ४७ चा हप्ता घेताय? भाड्यानेच रहा, फरक म्युच्युअल फंडात टाका. बाकी तुमची मर्जी.

बार्शीची_सून

@एसआयपी_झिंदाबाद, लग्नाला पाच वर्षं झालीत आणि तिसरं घर आहे हे, दर वेळी मालकाचा मुलगा अमेरिकेतून परत येतो 😀 भिंतीला खिळा ठोकायचा तर मेसेज करून विचारावं लागतं. ते एक्सेलमध्ये कुठे टाकू?

बाकी सगळ्यांचे खूप आभार. काल मेल टाकला, आज टेप घेऊन दोघं परत गेलो. सॅम्पल फ्लॅटला दारंच नाहीत हे त्या दिवशी लक्षातच आलं नव्हतं! बेडरूमचा पलंग मोजला तर पावणेसहा फूट, नवरा सहा फुटाचा, आडवा झाला तर पाय बाहेर. सेल्सवाला "सर सर, डिस्प्लेचा आहे" करत धावत आला. आणि त्यांचे ७७५ चौरस फूट "युजेबल" होते, महारेराच्या साईटवर कारपेट ६४२, बाकी बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी. विंग रजिस्टर आहे, बोजा बँकेचा आहे, कोर्टकेस नाही, पण तारीख २०२८ डिसेंबर नाही, २०२९ जून. १०% वर अ‍ॅग्रीमेंट करायला तयार झालेत, अलॉटमेंट लेटर शुक्रवारी देतो म्हणालेत. अण्णांना कारपेटचा आकडा सांगितला तर म्हणाले, "मग भाव कमी कर म्हण की त्याला."

सातबारा

अण्णांना घेऊन जा पुढच्या वेळी, सिरीयसली. ७७५ सांगून ६४२ निघाले हे घासाघीस करायला भरपूर आहे. बोजा बँकेचा असेल तर त्या बँकेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना हरकत पत्र मागा, तुमची कर्जाची बँकही ते मागणारच. आणि पार्किंग कव्हर्ड असेल तर नंबर, लांबी, रुंदी, उंची अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, ओपन पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही.

बार्शीची_सून

पार्किंगचे अडीच लाख वेगळे सांगितलेत, ओपन की कव्हर्ड ते विचारलंच नाही. उद्या फोन करते. आणि अंडरपास सोमवारी बघतो, बाईकनेच.

हिशोबनीस

किंमत ५० लाखांच्या वर आहे, तर बिल्डरला प्रत्येक हप्ता देताना १% टीडीएस (बिल्डरच्या नावे आधीच कापून भरायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा, तो त्यांच्याच पैशातून जातो, जादा नाही. टोकनपासूनच लागू. ५१ हजारावरचा कापला नसेल तर पुढच्या पेमेंटच्या वेळी विषय काढा.